ट्रकचा उसासा

बर्फ वितळत होता आणि माणसं जमत होती.

बर्फाच्या कारखान्याच्या फाटकातच आमचा जुना ट्रक अडून बसला होता. हौद्यात भुशाखाली चाळीस लाद्या, फळ्यांच्या फटींतून गळणारं गार पाणी, आणि भोवती सगळा कारखाना. खांद्यावर आकडे अडकवलेले हमाल, भुसा चाळणाऱ्या बाया, वॉचमन, शिवाय रस्त्यावरून जाता जाता सायकलवरून एक पाय खाली टेकलेले चारदोन रिकामटेकडे. मासळीच्या धक्क्यावरून मॅनेजरसाहेबांना तिसरा फोन येऊन गेला होता. तिकडे मासे उन्हात होते आणि इकडे बर्फही.

सेल्फ मारला की इंजिन फिरायचं. घर्र, घर्र, घर्र. आता पेटेल असं वाटायचं, पण पेटायचं नाही. बॅटरी ठणठणीत, टाकी भरलेली, आणि ट्रक हट्टी जावयासारखा ढिम्म.

"बाबा आले," कुणीतरी म्हणालं, आणि गर्दी दुभंगली.

इंजिनबाबा आपल्या जीपमधून उतरला. अंगात पायघोळ पांढरा झगा आणि त्यावर ग्रीसचा एक ठिपका नाही. ज्याने आयुष्य इंजिनांच्या सेवेत घालवलं असं तो सांगतो, त्याचे कपडे इतके पांढरे कसे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मीही मान लांब करून बघत होतो.

बाबाने ट्रकला तीन फेऱ्या घातल्या. बॉनेटला कान लावला, चाकांवरून हात फिरवला आणि डोळे मिटून बोलायला लागला.

"लोक म्हणतात लोखंड निर्जीव. अरे, निर्जीव असतं तर तापलं असतं का? थंड पडलं असतं का? रुसलं असतं का? लोखंडालाही मन असतं. त्याला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. मग ते आतल्या आत कोंडून घेतं. याच्या पोटात बाधा कोंडली आहे."

"बाहेर निघेल ना, बाबा?" मॅनेजरसाहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"निघेल. पण निघताना कुणी जवळ थांबू नका. जो जवळ असेल त्याला धरेल."

मग त्याने डिझेलच्या टाकीवर बोटांनी तीनदा टकटक केली, झाकणावर तळहात ठेवला, ओठ हलवले आणि झाकण हळूहळू, अगदी हळूहळू फिरवलं.

स्स्स्स्स.

चांगला पाच-सहा सेकंद तो आवाज चालला. गर्दी एका झटक्यात तीन पावलं मागे सरली.

"गेली," बाबा म्हणाला. "ऐकलात उसासा? ट्रकने मन मोकळं केलं."

मग ड्रायव्हरमामांनी हातपंप मारून इंजिनात डिझेल चढवलं, केबिनमध्ये चढून सेल्फ मारला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला ट्रक गुरगुरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबाने झग्यातून एक डबी काढली. तिच्यात पिवळट, चिकट, अत्तराचा वास मारणारा लेप होता. त्याचं नाव कवच. झाकण घट्ट लावून त्याने कडेने गोल कवच लिंपलं आणि आधीची संपली म्हणून ही नवी डबी मामांच्या लेकीच्या हातात दिली.

"डिझेल भरलं की दर वेळी लिंपायचं. आणि बसलेल्या ट्रकचं झाकण माझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही."

"हो, बाबा," ती खाली मान घालून म्हणाली.

बाबा मॅनेजरसाहेबांकडे वळला आणि आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "चौथी वेळ. चारही वेळा स्टेअरिंगवर कोण होतं, आठवून बघा. बापाच्या हाताची याला वीस वर्षांची सवय आहे. लेकीचा हात याला परका आहे. ती बसली की याचा जीव घुसमटतो."

आता इथे थांबून दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली मामांच्या लेकीची. मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यात पिकायच्या बेतात. दोन महिन्यांपासून एक आठवडा मामा आणि एक आठवडा लेक असा ट्रक चालत होता. ऑपरेशननंतर ट्रक कायमचा तिच्याकडे जायचा, असं ठरलेलं. पोरगी लहानपणापासून त्या केबिनमध्ये वाढलेली. गियर बदलायची तर शेजारच्याच्या हातातला चहा हलायचा नाही. आणि तरीही ट्रक बसायचा तो तिच्याच आठवड्यात, तोही सोमवारीच. मिस्त्री येऊन गेला होता. त्याने फिल्टर बदलला, नळ्या सोडवून पाहिल्या, हातपंप मारून मारून दंड दुखवून घेतला, पण इंजिनाकडे डिझेलचा थेंब येईना. "टाकीत आहे ना?" त्याने विचारलं. "काठोकाठ," ती म्हणाली. मग टाकीचं झाकण उघडून बघायचं कारणच उरलं नाही.

दुसरी गोष्ट आमची, कारखान्यातल्या लोकांची. बर्फाच्या कारखान्यात नळ्यांमधून अमोनिया खेळतो. कुठे सांधा सुटला की आधी आवाज येतो: स्स्स्स. मग डोळे जळतात आणि मग माणूस आडवा होतो. म्हणून इथे नोकरीला लागला की पहिला धडा हाच, स्स ऐकू आलं की आधी मागे सर आणि मग विचार कर. मी कॉम्प्रेसर ऑपरेटर, बावीस वर्षं हाच धडा शिकवतोय. तेव्हा टाकीने स्स केलं की आम्ही सगळे मागे सरायचो, आणि आवाज येतोय म्हणजे काहीतरी बाहेर पडतंय, याबद्दल आमच्यातल्या एकालाही शंका नव्हती. बाबाला आमच्याहून चांगले प्रेक्षक शोधून सापडले नसते.

त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, "तुमच्या लेकीचा पुढचा आठवडा येईपर्यंत मी दुसरा ड्रायव्हर बघतो. मला वाईट वाटतं, पण धक्क्यावाले ऐकून घेणार नाहीत."

दुपारी लेक माझ्या कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. एरवी ती थेट आत यायची आणि गेजवरचे आकडे मोठ्याने वाचायची.

"आत ये की," मी म्हणालो.

"नको, काका. तुमचं मशीन बंद पडलं तर?"

मला वाटलं, गंमत करतेय. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कळलं, गंमत नव्हती.

"ताईचं बाळ वीस दिवसांचं झालं," ती म्हणाली. "घरात सगळ्यांनी घेतलं. मी नाही घेतलं अजून. ताई म्हणते घे, मी म्हणते हात धुवायचेत, स्वयंपाक राहिलाय. खरं सांगू का, भीती वाटते. एवढा मोठा ट्रक माझ्या हातात गप्प होतो. ते तर एवढंसं आहे."

मला संताप आला. बाबाचा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तासाभरापूर्वी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

कँटीनमध्ये जाऊन मी चहा मागितला आणि मावशीपुढे मन मोकळं केलं. मावशी म्हणजे आमच्या कँटीनची सर्वेसर्वा. कारखान्यात तिला दोनच गोष्टींत रस: चूल आणि चहाड्या. पण ती त्या दिवशी काही वेगळंच बोलली.

"तो बाबा म्हणतो बाधा बाहेर आली," ती कांदे सोलत म्हणाली. "मला तर आत जाताना दिसली."

"म्हणजे?"

"मी चहाची किटली घेऊन टाकीच्या शेजारीच उभी होते. तुम्ही सगळे पळालात. मी कशाला पळू? एक तर हातात उकळता चहा, आणि मला काय ठाऊक तुमचा अमोनिया. किटलीची वाफ सरळ वर जात होती. झाकण फिरलं आणि वाफ वळली टाकीकडे. पार आत शिरली."

मी चहाचा कप खाली ठेवला. मावशीने कोपऱ्यातला तेलाचा नवा डबा ओढला, त्याला खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबा परातीवर तिरका केला. तेल गळलं, गचके खाल्ले, गुडगुड केली आणि जवळजवळ थांबलं.

"हे का थांबलं सांगा. तुम्ही शिकलेले."

"आत हवा जात नाहीये म्हणून," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझे कान गरम झाले.

मावशीने दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडलं. सरळ धार लागली.

"तुमच्या ट्रकच्या डब्याला दुसरं भोक कुठाय?"

काखेत कळसा म्हणतात तो हा. हवेच्या दाबावर बावीस वर्षं माझं पोट चाललंय, दिवसाला शंभरदा मी गेज बघतो, आणि मला हवा शिकवली ती तेलाच्या डब्याने. डिझेलच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. इंजिन डिझेल ओढतं तेवढी हवा त्या भोकातून आत येते. भोक बुजलं तर टाकीत पोकळी होते, टाकी डिझेल धरून ठेवते, आणि तुम्ही सेल्फ मारत बसा. आमच्या आवारात भुशाचा धुरळा कायम उडतो, तो झाकणात बसला असणार. झाकण उघडलं की हवा आत घुसते, स्स करते, आणि डिझेल पुन्हा वाहतं. एवढाच चमत्कार. आणि बाबाने काय केलं? भुशाने अर्धवट बुजलेल्या भोकावर वरून चिकट लेप दिला.

मी ट्रकवालीला, म्हणजे मामांच्या लेकीला, बोलावून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "पण मग बाबांच्या आठवड्यात का नाही बसत?" ती वडिलांना बाबा म्हणायची.

याचं उत्तर तिच्याकडेच होतं, पण सापडायला थोडा वेळ लागला.

"बाबा अर्ध्या टाकीवर चालवतात," ती हळूहळू म्हणाली. "भरली टाकी चोराला आमंत्रण, असं त्यांचं मत आहे. कवचही एक बोट फिरवून सोडून देतात. मी सोमवारी सकाळी टाकी काठोकाठ भरते, आठवडाभर बघायला नको म्हणून. आणि कवच अगदी मन लावून लिंपते."

"काठोकाठ भरली म्हणजे वर हवा उरलीच कुठे," मी म्हणालो. "अर्ध्या टाकीत हवा भरपूर, चार लिटर डिझेल गेलं तरी ती पसरून घेते. तुझ्या टाकीत ओंजळभर हवा. धक्क्यावर एक फेरी झाली की संपला खेळ."

"म्हणजे मी नीट काम करते म्हणून ट्रक बसतो."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "माझा हात नाही ना, काका? नक्की ना?"

"नक्की. पण फक्त तुला कळून भागायचं नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाही दिसलं पाहिजे."

तिचा सोमवार आला. मॅनेजरसाहेबांना ड्रायव्हर मिळाला नव्हता. मी त्यांना म्हणालो, "साहेब, बाबांनाच बोलवा. आठवड्याची पहिली फेरी त्यांच्या पवित्र हाताने झाली तर ट्रकचं मन कायमचं शांत होईल." साहेबांना हे इतकं पटलं की मला थोडी शरम वाटली.

बाबाही फुलून गेला. त्याच्यासमोर ट्रकवालीने टाकी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि डबीतलं निम्मं कवच गोल गोल लिंपलं. "शाबास," बाबा म्हणाला. "श्रद्धा असावी तर अशी." कवचाने ट्रक कधी ना कधी बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. पण काठोकाठ टाकीचं गणित त्याला माहीत नव्हतं. बसेल तेव्हा स्टेअरिंगवर पोरगी असेल, असा त्याचा हिशेब.

झगा सावरत बाबा केबिनमध्ये चढला, शेजारी मॅनेजरसाहेब बसले. ट्रक बर्फ घेऊन धक्क्यावर गेला, रिकामा परत आला, इंजिन बंद झालं, हमालांनी दुसऱ्या फेरीच्या लाद्या भरल्या. बाबाने सेल्फ मारला.

घर्र, घर्र, घर्र.

पुन्हा मारला. घर्र, घर्र, घर्र. हौद्यातून लाद्यांचं पाणी टपटपत होतं.

"बाबा," एक म्हातारा हमाल अगदी आदराने म्हणाला, "तुमचा हातसुद्धा परका निघाला का?"

हशा पिकला. बाबा उतरला, पण हरला नाही. "पोरीने झाकणाला हात लावला ना सकाळी. तिचीच बाधा. थांबा, काढतो." आणि तो टाकीकडे निघाला. "मागे व्हा सगळे."

"आज कुणी मागे व्हायचं नाही," मावशी म्हणाली. तिच्या हातात कांद्याच्या सालींचं ताट होतं, तिने प्रत्येकाला एकेक साल वाटली. "अमोनिया नाहीये ट्रकमध्ये. काय बाहेर येतं ते जवळून बघू. बाहेर आलं तर साल उडेल. पोरी, तू उघड झाकण."

"ती उघडेल तर बाधा तिलाच धरेल," बाबा ओरडला.

पोरगी क्षणभर थबकली. मामा पुढे आले, तिच्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "धरू दे. दोघांना मिळून धरू दे." तिने वडिलांकडे बघितलं आणि झाकणावर हात ठेवला.

स्स्स्स्स.

पाय सगळ्यांचेच शिवशिवले, माझेसुद्धा. पण कुणी हललं नाही. मावशीने फटीजवळ धरलेली साल तिच्या बोटांतून सुटली आणि सटकन झाकणाच्या फटीला जाऊन चिकटली. हमालाची साल चिकटली. वॉचमनची चिकटली. एकही साल बाहेरच्या बाजूला उडाली नाही.

"हे तर आत ओढतंय," वॉचमन म्हणाला.

"ट्रक श्वास घेतोय," मी म्हणालो. "उसासा टाकत नाहीये. बाबा एक गोष्ट मात्र खरी बोलले होते, याचा जीव घुसमटत होता. कवचाने." मग मी झाकण उलटं करून सगळ्यांना ते भोक दाखवलं, त्यातला भुसा दाखवला, वरचा लेप दाखवला. मावशीने तेलाचा डबा आणूनच ठेवला होता. एक भोक, दोन भोकं. ज्या बायांनी आयुष्यभर स्वयंपाकघरात डबे फोडले होते, त्या आधी हसल्या आणि मग चिडल्या.

"हे सगळं बुद्धीचे खेळ," बाबा म्हणाला, पण आता त्याची नजर जीपकडे जात होती. "श्रद्धेच्या गोष्टी तुम्हाला कळायच्या नाहीत."

"बाबा," ट्रकवाली म्हणाली, "तुमच्या जीपला कवच लावलंय ना? बघू?"

ती उत्तराची वाट बघत थांबली नाही. जीपच्या टाकीचं झाकण उघडलं. लेपाचा मागमूस नाही. झाकण धुऊन पुसून लख्ख, भोक मोकळं, आणि आतल्या बाजूला साखळीला बांधलेली एक टाचणी. भोक साफ करायला.

कुणी बाबाला मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. म्हाताऱ्या हमालाने फक्त ती टाचणी सोडवून घेतली आणि आमच्या ट्रकचं भोक कोरून दिलं. बाबाने खूप वर्षांपूर्वी एका डिझेलपंपावर नळी धरायचं काम केलं होतं, उसासे टाकणारी झाकणं त्याने तिथे पाहिली होती, हे नंतर कळलं. ज्ञान खरं होतं. त्याने ते सांगितलं असतं तर आम्ही त्याला मान दिला असता, चहाही पाजला असता. पण सांगितलं की ज्ञान सगळ्यांचं होतं, आणि झाकून ठेवलं की झगा शिवता येतो.

त्या आठवड्यात ट्रक तिनेच चालवला. त्यानंतरचाही आणि त्यानंतरचाही. टाकी अजून काठोकाठ भरते. मॅनेजरसाहेबांनी तिची माफी मागितली, जरा अडखळत, पण सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला आणि मागे व्हा म्हणाला, तर एक पाऊल पुढे व्हा. हातात काही नसेल तर कांद्याची साल चालेल. आणि एखादी वस्तू बंद पडल्यावर कुणी माणसाच्या हाताकडे, पायगुणाकडे बोट दाखवायला लागला, तर आधी झाकण उघडून बघा. आम्ही चार वेळा बघितलं नाही. त्या चार वेळांची किंमत एका पोरीने भरली, आणि आम्ही बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होतो. ही गोष्ट मला अजून खुपते.

त्याच सोमवारी संध्याकाळी मामांनी मला घरी नेलं. लेकीने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग बहिणीसमोर बसली आणि मांडी घालून म्हणाली, "दे."

बाळ झोपलेलं होतं. तिच्या मांडीवर आलं, हातपाय ताणले, तोंड लाल केलं आणि असं काही रडायला लागलं की शेजारचे दारात आले. बहीण घ्यायला पुढे झाली, पण हिने दिलं नाही. ते भोकाड अंगावर घेत ती हसत होती, डोळे वाहत होते.

"राहू दे, ताई," ती म्हणाली. "पहिल्याच सेल्फला स्टार्ट झालंय."